विश्लेषण : रात्री धिंगाणा, पायाला चावे, फ्रिजमागे दडी... रस्त्यावरून आणलेले मांजराचे पिल्लू ‘विचित्र’ का वागते?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील वागण्याला घाबरून अनेकदा पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडले जाते. खरे तर त्यातले बहुतेक वागणे त्याच्या वयाला साजेसे असते. मात्र काही खुणा दिसल्यास दवाखाना गाठायला उशीर करून चालत नाही. हा फरक कसा ओळखायचा?

पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटमधून बारीक म्यावम्याव ऐकू येते. वॉचमन आणि दोन-तीन मुले मिळून मूठभर आकाराचे पिल्लू बाहेर काढतात आणि कोणीतरी ते घरी नेते. पहिल्या दिवशी सगळ्यांना कौतुक वाटते. दुसऱ्या दिवशी पिल्लू फ्रिजमागे जाऊन बसते आणि हात नेला की फिस्कारते. पाचव्या दिवशी पहाटे चार वाजता सोफ्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून झोपलेल्या माणसाच्या पोटावर अशी पळापळ सुरू होते. दहाव्या दिवशी ते चालत्या पायाला कडकडून चावते आणि घरातले ज्येष्ठ विचारतात, ‘‘हे पिसाळलंय की काय?’’

अनेक पिल्लांचे नशीब याच प्रश्नावर ठरते. वागणे समजले तर पिल्लू घरातले होते, नाही समजले तर पुन्हा पार्किंगमध्ये जाते. आठवडाभर घरात राहिलेल्या पिल्लाला आईचा माग लागत नाही आणि रस्त्याची सवयही राहिलेली नसते, त्यामुळे तिथे त्याचा टिकाव लागणे अवघड असते. उलट चूकही तितकीच महागात पडते. ‘लहान आहे, झोपतंय’ असे म्हणत आजारी पिल्लाकडे दुर्लक्ष झाले तर हातात फार वेळ उरत नाही.

उचलण्यापूर्वी काय पाहावे?

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. आकडा सोडला तर निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजर एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. त्यामुळे एकटे दिसलेले पिल्लू अनाथच असेल असे नाही. पिल्लू शांत, उबदार आणि पोट भरलेले दिसत असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर काही तास लांबून लक्ष ठेवावे. ते गार पडलेले, मळलेले, सतत ओरडणारे किंवा जखमी असेल, पावसात भिजत असेल किंवा वाहनांच्या वाटेत असेल तर वाट पाहू नये.

वय का ओळखायचे?

‘नॉर्मल’ म्हणजे काय हे वयावर ठरते. डोळे बंद असतील तर पिल्लू साधारण आठवडाभराचे किंवा त्याहून लहान असते. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान ताठ होतात, पिल्लू लडखडत चालू लागते आणि पुढचे दुधाचे दात हिरडीतून डोकावतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते नीट धावते. सुरुवातीला सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात, खरा रंग सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतो. जन्मत: वजन साधारण १०० ग्रॅम असते. महिन्याभरात ते ४००-४५० ग्रॅमच्या आसपास जायला हवे. रस्त्यावरची पिल्ले उपाशी राहिल्याने वजनाने कमी भरतात, म्हणून वयाचा अंदाज दातांवरून घेणे जास्त भरवशाचे.

तीन-चार आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या दोन गोष्टी नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकतात. एक, ते स्वत:चे अंग गरम ठेवू शकत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, त्यामुळे आधी ऊब आणि मग दूध हा क्रम चुकवू नये. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवली तरी काम भागते. दुसरे, ते स्वत:हून शी-शू करत नाही. मांजर चाटून ती करवते. आई नसेल तर प्रत्येक दूध पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा लागतो. दूध पाजताना पिल्लाला बाळासारखे उताणे धरू नये, पोटावर ठेवून पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

दडून बसते, फिस्कारते... माणूस आवडत नाही का?

डोळे न उघडलेले पिल्लूसुद्धा अनोळखी वास आला की फिस्कारते. ही भीतीची प्रतिक्रिया असते. स्वत:हून कितीतरी मोठ्या प्राण्याला ‘जवळ येऊ नकोस’ असे सांगण्यासाठी त्याच्याकडे एवढेच शस्त्र असते.

पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा सर्वांत अनुकूल काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून हे पुढे आले. या काळात रोज हाताळलेली पिल्ले पुढे माणसाजवळ सहज येतात. दहा-बारा आठवड्यांचे होईपर्यंत माणसाचा हातच न लागलेले पिल्लू विश्वास ठेवायला जास्त वेळ घेते. ते कधीच ठेवणार नाही, असा याचा अर्थ नाही.

उपाय कंटाळवाणा असला तरी लागू पडतो. पहिले काही दिवस पिल्लाला अख्खे घर न देता एकच खोली द्यावी. त्यात आडव्या ठेवलेल्या खोक्याची दडायची जागा, पाणी, खाणे आणि त्यापासून लांब लिटर बॉक्स असावा. लपलेल्या पिल्लाला ओढून बाहेर काढू नये. जमिनीवर बसून हळू आवाजात बोलावे आणि खाणे आपल्या जवळ ठेवावे. पिल्लाने पाहिले की डोळे सावकाश मिटून उघडावेत. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा संथ डोळे मिटण्याला मांजरे तसाच प्रतिसाद देतात आणि तसे करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जाण्याची शक्यता वाढते, असे दिसून आले.

पहाटे चारलाच पळापळ का?

मांजराच्या शरीराचे घड्याळ पहाट आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक जागे असते, कारण शिकारीची हीच वेळ असते. त्यात लहान पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपते. दिवसभर घरातली माणसे कामावर आणि पिल्लू झोपेत, मग साठलेली सगळी ताकद अंधारात बाहेर पडते. काही मिनिटे सुसाट धावणे, भिंतीवर आपटता आपटता वळणे आणि अचानक गाढ झोपणे यात काळजीचे काही नसते. अनेक पिल्ले शी केल्यानंतरही अशीच धूम ठोकतात.

ओरडून किंवा खोलीत कोंडून हे थांबत नाही. खेळ, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम असतो, तो आपल्या वेळेत बसवता येतो. रात्री झोपण्यापूर्वी दोरीला बांधलेल्या पिसाच्या किंवा कापडाच्या खेळण्यामागे १०-१५ मिनिटे पळवावे आणि लगेच दिवसाचे शेवटचे खाणे द्यावे. खेळून झाल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकू शकतो. पहाटे उठवले तरी त्या वेळी खायला देऊ नये. दिल्यास ‘उठवले की खाणे मिळते’ हा धडा पिल्लू एका दिवसात शिकते.

फ्लॅटमध्ये मात्र एक काळजी हवी. मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, त्याला काही होत नाही, हा समज घातक आहे. हवेत वळण्याची क्षमता सहा-सात आठवड्यांपर्यंत पूर्ण विकसित होते हे खरे, पण त्यामुळे हाडे मोडणे किंवा छातीला मार बसणे टळत नाही. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलेली असेल तर तिच्या कडा सुटलेल्या नाहीत ना, हे पाहून घ्यावे. केवळ ग्रिल असेल तर त्यातून पिल्लू सहज बाहेर जाते.

हातापायांना का चावते?

पायाला चावणे ही सर्वांत जास्त गैरसमज करून देणारी सवय. पिल्लू शिकार शिकत असते आणि हलणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी सराव असते. पांघरुणाखाली हलणारी पायाची बोटे, ओढणीचे टोक, चार्जरची वायर यात ते फरक करत नाही.

एकाच आईची पिल्ले एकत्र वाढतात तेव्हा चावण्याचा जोर आपोआप आटोक्यात येतो. एकाने जोरात चावले की दुसरे कळवळते, खेळ थांबतो किंवा उलटा चावा मिळतो. एकटे उचललेले पिल्लू या शाळेत गेलेलेच नसते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे सहा हजार मांजरांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये पुढे आक्रमकपणाचे प्रमाण जास्त आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे इथे पिल्लाचा स्वभाव वाईट नसतो, त्याचे शिकणे अर्धवट राहिलेले असते.

ते आता घरच्यांनी पूर्ण करायचे असते. हात हे खेळणे नाही, हा पहिला नियम. चावले की हात झटकू नये, कारण झटकलेला हात पळणाऱ्या उंदरासारखा वाटतो. हात तसाच स्थिर ठेवावा, पकड ढिली होताच काढून घ्यावा आणि अर्धा-एक मिनिट खेळ थांबवावा. मग खेळणे पुढे करावे. चापट मारणे, नाकावर टिचकी मारणे किंवा पाणी फवारणे याने चावणे कमी होत नाही, माणसाची भीती मात्र वाढते. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा. बाबा हाताने कुस्ती खेळतात आणि आई रागावते, अशा घरात पिल्लू गोंधळते. शक्य असल्यास एकाच वयाची दोन पिल्ले एकत्र ठेवणे हा अनेकदा सोपा मार्ग ठरतो.

साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान चावणे पुन्हा वाढू शकते. या काळात दुधाचे २६ दात पडून कायमचे ३० येतात. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला किंवा खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नये. बरेचसे दात तर पिल्लू गिळूनच टाकते.

आणखी कोणत्या ‘विचित्र’ गोष्टी नॉर्मल आहेत?

* पाठीची कमान करून, शेपटी फुगवून आडव्या उड्या मारणे : स्वत:ला मोठे दाखवण्याचा हा प्रकार आहे. पिल्ले खेळातही तो करून पाहतात, कधी आरशासमोर, कधी चपलेसमोर.

* पुढच्या पायांनी पीठ मळल्यासारखे करणे आणि चादर चोखणे : दूध पिताना पिल्लू आईचे पोट असेच दाबते. लवकर आई सुटलेल्या पिल्लांत चोखण्याची सवय जास्त दिसते. त्रासदायक नसेल तर करू द्यावे. ते कापडाचे धागे तोडून गिळत असेल तर मात्र ते कापड काढून घ्यावे.

* खाऊन झाल्यावर भांड्याभोवती फरशी खरवडणे : अन्न आवडले नाही म्हणून पिल्लू हे करत नाही. उरलेले अन्न झाकून ठेवण्याची ही उपजत सवय आहे.

* मोजे किंवा चपलेचा वास घेऊन तोंड अर्धवट उघडे ठेवणे : टाळूतील एका खास अवयवाकडे वास पोहोचवण्याची ही पद्धत आहे. काही सेकंदांत तोंड मिटते.

* झोपेत पाय झाडणे, मिश्या थरथरणे : गाढ झोपेतील स्वप्नावस्थेत असे होते. हाक मारल्यावर पिल्लू नेहमीसारखे जागे होत असेल तर ती फिट नाही.

* अंग गरम लागणे : मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे आपल्या हाताला ते तापल्यासारखेच लागते.

* लिटर चाखणे, कुंडीत शी करणे : पिल्लू जग तोंडाने तपासते. म्हणून पहिले दोन-तीन महिने ओले झाल्यावर गोळा होणारे लिटर टाळावे, ते पोटात फुगू शकते. कुंडीतली माती त्याच्यासाठी लिटरच असते. बुटक्या कडांचा ट्रे शांत कोपऱ्यात ठेवून, खाणे आणि झोप झाल्यावर त्यात नेऊन सोडले की बहुतेक पिल्ले काही दिवसांतच शिकतात.

* पाच-सहा महिन्यांच्या मादीने रात्रभर रडणे, जमिनीवर लोळणे : पोटदुखी समजून अनेक जण धावपळ करतात. प्रत्यक्षात ती माजावर आलेली असते. काही माद्यांत हे चौथ्या महिन्यातही घडते. त्याआधीच नसबंदीबद्दल पशुवैद्यकांशी बोलून ठेवावे.

कोणती चिन्हे नॉर्मल नाहीत?

लहान पिल्लाच्या शरीरात साठा फार कमी असतो. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाने १२ तास काहीही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. वारंवार उलट्या, पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब, पांढुरक्या हिरड्या, अंग गार पडणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, चिकट स्रावाने मिटलेले डोळे किंवा लघवीसाठी जोर करूनही ती न होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. नेहमी धावणारे पिल्लू खेळण्याकडे पाहतही नसेल, तर ती या सगळ्याची पहिली घंटा असते.

घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नये. मांजर समाधानात घुरघुरते, तसेच दुखत असताना आणि घाबरल्यावरही घुरघुरते. पिल्लू घुरघुरत आहे पण खात नाही, तर न खाण्याला महत्त्व द्यावे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतरही डगमगणाऱ्या पिल्लाची गोष्ट थोडी वेगळी. गाभण असताना मांजरीला पॅनल्युकोपेनिया या विषाणूची बाधा झाली, तर पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ अपुरी राहू शकते. असे पिल्लू डोके हलवत, झोकांड्या खात चालते, पण त्याला वेदना नसतात आणि स्थिती बिघडतही जात नाही. ते चांगले जगू शकते. मात्र काल नीट चालणारे पिल्लू आज डगमगत असेल, तर तो आजार, मार किंवा विषबाधा असू शकते आणि ती तातडीची बाब आहे.

हाच विषाणू लस न घेतलेल्या पिल्लांचा मोठा शत्रू आहे. तो माणसाला होत नाही, पण घरातील दुसऱ्या मांजराला सहज होतो. त्यामुळे नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. सहा ते आठ आठवड्यांपासून या आजाराविरुद्धची लस सुरू होते, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. पोट टम्म आणि बाकी अंग हडकुळे दिसत असेल तर जंतांची शक्यता मोठी. केस गेलेले गोल चट्टे दिसल्यास ते गजकर्ण असू शकते आणि ते माणसालाही होते.

पिल्लू चावले तर रेबीजचे काय?

खेळताना चावणारे पिल्लू पिसाळलेले नसते, हे खरे. पण रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा चावा ‘छोटासाच आहे’ म्हणून सोडून देणे चुकीचे आहे. रेबीज मांजरांनाही होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की माणसाचा जीव वाचवणे जवळपास अशक्य असते. दात किंवा नख लागून त्वचेवर ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नये. लस घ्यायची का आणि रक्त आले असल्यास इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, हे डॉक्टर ठरवतात. लहान मुले ओरखडे लपवतात, म्हणून त्यांना रागावण्याऐवजी रोज विचारावे. घरात पिल्लू आणले असेल तर घरच्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेण्याबद्दलही डॉक्टरांना विचारता येते.

प्रेमापोटी कोणत्या चुका होतात?

मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की पिल्लू आले की पहिली वाटी गाईच्या दुधाचीच पुढे येते. हे दूध अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात, जे लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांची खास दूध पावडर मिळते, तीच वापरावी. त्यानंतर पिल्लांसाठीचे कॅट फूड पाण्यात मऊ करून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन पोळी-दुधातून मिळत नाही आणि नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम पुरेसे नसते.

औषधांच्या बाबतीत तर घरगुती प्रयोग नकोच. माणसांना ताप आल्यावर दिली जाणारी पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरील अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते, ते मांजरांना घातक ठरते. पुष्पगुच्छातून येणारी लिलीची फुलेही त्यांच्या मूत्रपिंडांना निकामी करतात.

मग निर्णय कधी घ्यायचा?

पहिले दोन आठवडे रोजच्या तीन गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात : किती खाल्ले, शी कशी झाली आणि वजन किती भरले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. वाढत्या पिल्लाचे वजन दररोज साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढते. खाणे, शी आणि वजन जागेवर असेल, तर पडद्यावर चढणे, आडव्या उड्या आणि पहाटेची शर्यत हे सगळे बालपणाच्या खात्यात टाकावे. यांपैकी काही बिघडले, तर पिल्लू कितीही शहाणे आणि शांत वाटत असले तरी दवाखाना गाठावा. तिथे ही नोंद आणि विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडीओ सोबत असला, तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

एवढे करूनही काही घरांत मांजर ठेवणे खरोखरच शक्य नसते. कोणाला ॲलर्जी असते, कोणाच्या घरात तान्हे बाळ असते. अशा वेळी पिल्लाला दुसरे घर मिळेपर्यंत सांभाळणे ही जबाबदारी आहे. पाळलेला प्राणी सबळ कारणाशिवाय उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

पिल्लाचे बालपण साधारण सहा-सात महिन्यांत ओसरू लागते. तेव्हा पायावर झडप घालणारे हेच मांजर दुपारभर खिडकीत पाय दुमडून बसलेले दिसते आणि कबुतर दिसले की दातांतल्या दातांत कचकच आवाज काढते. तेही नॉर्मलच असते.